यादीत पोर्शे का नव्हती? : रेसिंग गेममधील गाड्या आणि त्यांचे परवाने

घाटवळण (धागालेखक)

शंभर रुपयांना मिळालेली, झेरॉक्स काढलेल्या चित्राच्या वेष्टनातील एक डीव्हीडी आणि मित्राचे प्लेस्टेशन २ एवढ्या भांडवलावर आम्ही चौघांनी २००५ ची दिवाळीची सुट्टी 'ग्रॅन तुरिस्मो ४' खेळण्यात घालवली होती. जर्मन गाड्यांचा विभाग उघडला की ऑडी, बीएमडब्ल्यू, मर्सिडीज-बेंझ, ओपेल, फोक्सवॅगन अशी सगळी घराणी समोर येत. पोर्शे तेवढी नसे. त्याऐवजी आमच्यापैकी कोणीही कधी न ऐकलेला 'रूफ' नावाचा एक कारखाना होता आणि त्याची १९८७ ची पिवळीधमक सीटीआर ही गाडी गोल दिव्यांपासून उतरत्या पाठीपर्यंत हुबेहूब पोर्शे ९११ दिसत होती. डीव्हीडी नकली असल्यामुळे पोर्शेचे नाव पुसले गेले असणार, असा निष्कर्ष आम्ही एकमताने काढून मोकळे झालो होतो.

खरे कारण बऱ्याच वर्षांनी कळले. 'नीड फॉर स्पीड' मालिकेतील केवळ पोर्शेला वाहिलेला भाग २००० साली निघाला. त्या सुमारास ईए या प्रकाशकाने पोर्शेकडून गेमसाठीचा अनन्य परवाना घेतला आणि तो २०१६ च्या अखेरपर्यंत चालला. या काळात दुसऱ्या कोणाला पोर्शे हवी असेल, तर त्याला ईएचा दरवाजा ठोठावून उपपरवाना मागावा लागे. मायक्रोसॉफ्टच्या 'फोर्झा'ला तो कधी मिळाला, कधी नाही. 'फोर्झा मोटरस्पोर्ट ३' मध्ये पोर्शे होती. ऑक्टोबर २०११ मध्ये आलेल्या चौथ्या भागात ती पहिल्या दिवशी नव्हती आणि मे २०१२ मध्ये वेगळे पैसे मोजून घ्यायच्या पुरवणीतून आली. 'ग्रॅन तुरिस्मो' मालिकेत तर पोर्शे या नावाने गाडी यायला २०१७ चा 'ग्रॅन तुरिस्मो स्पोर्ट' उजाडावा लागला.

रूफची वाट मात्र मोकळी होती. बव्हेरियातील फाफेनहाउझेन या गावचा हा कारखाना पोर्शेकडून क्रमांक न ठोकलेले कोरे सांगाडे आणून गाडी उभी करतो आणि तिच्यावर स्वतःचा चासी नंबर घालतो. १९८१ पासून जर्मनीत त्याला स्वतंत्र वाहननिर्माता म्हणून मान्यता आहे, त्यामुळे कागदोपत्री ती गाडी पोर्शे नाहीच. ज्यांना पोर्शे मिळत नव्हती त्या गेमकर्त्यांनी ही फट बरोबर हेरली आणि ताशी सुमारे ३४० किलोमीटर वेग गाठणारी ती पिवळी गाडी जगभरातल्या पोरांना गेममुळे ठाऊक झाली.

गेममधील गाड्यांची यादी पाहताना आपण ती बनवणाऱ्यांची आवडनिवड शोधत बसतो. माझे मत असे होत चालले आहे की ती यादी बरीचशी वकिलांच्या फायलींतून उतरलेली असते, आणि करार केवळ कोणती गाडी मिळणार एवढेच ठरवत नाही, तर ती गाडी गेममध्ये काय करू शकेल आणि तो गेम किती वर्षे विकला जाईल हेही ठरवतो. जाणकारांनी भर घालावी, चुकत असल्यास दुरुस्त करावे.

सोनचाफा

शीर्षकात 'परवाने' वाचून मला वाटले की 'ग्रॅन तुरिस्मो'मधील त्या ब, अ आणि आंतरराष्ट्रीय परवान्यांच्या परीक्षांविषयी धागा आहे. ब परवान्याच्या पहिल्याच परीक्षेत ठरलेल्या रेषेच्या आत गाडी थांबवताना मी जितका वेळ घालवला, तितका आरटीओच्या परीक्षेतही गेला नव्हता. असो, हा विषय निराळा निघाला तरी वाचते आहे.

चाकणकर

घाटवळण, तुमच्या दुसऱ्या मुद्द्याला, म्हणजे गाडीने गेममध्ये काय करावे याला, माझा पूर्ण दुजोरा आहे. मी गेमच्या धंद्यातला नसून गाड्यांच्या सुट्या भागांच्या धंद्यातला आहे, परंतु कंपन्या आपल्या चिन्हाला किती जपतात ते रोज पाहतो. आमच्या खोक्यांवरील लेबलवर एका ग्राहक कंपनीच्या चिन्हाभोवती सोडायची मोकळी जागा दोन मिलिमीटर कमी पडली, म्हणून छापून आलेली सगळी लेबले रद्दीत घालावी लागली होती. जी माणसे पुठ्ठ्याच्या खोक्यावर इतके बारीक पाहतात, ती आपली गाडी गेममध्ये दरीत कोसळून तिचे छप्पर चेपताना सहजासहजी पाहतील, हे संभवत नाही.

'ग्रॅन तुरिस्मो'च्या पहिल्या चार भागांत भिंतीवर कितीही जोरात आदळले तरी गाडीला पोचा येत नसे. दिसण्याजोगे नुकसान पाचव्या भागात, २०१० साली, आले. यामागे तंत्राची मर्यादा होतीच, पण जिथे खऱ्या गाड्या आहेत तिथे नुकसान बहुधा ओरखडे, तडकलेली काच आणि लोंबणारा बंपर यांच्यापुढे फारसे जात नाही, हा केवळ योगायोग मानता येत नाही. अपवाद आहेत. १९९९ च्या 'नीड फॉर स्पीड : हाय स्टेक्स' मध्ये फेरारी आणि मॅक्लारेन असूनही गाड्या चेपत आणि दुरुस्तीचे पैसे मोजावे लागत. म्हणजे दगडावर कोरलेला नियम नाही; प्रत्येक कंपनीशी प्रत्येक वेळी नव्याने घासाघीस होते.

टोयोटाचे उदाहरण अधिक बोलके आहे. 'नीड फॉर स्पीड'च्याच २००३ च्या 'अंडरग्राउंड'मध्ये आणि २००५ च्या 'मोस्ट वॉन्टेड'मध्ये टोयोटाची सुप्रा होती, आणि पहिल्याचा सारा मामला रात्रीच्या चोरट्या शर्यतींचा, तर दुसऱ्याचा बेकायदा शर्यतींचा व पोलिसांना चकवण्याचा होता. त्याच मालिकेतील २०१७ चा 'पेबॅक' आणि २०१९ चा 'हीट' येईपर्यंत वारे फिरले होते. या दोन्हींत टोयोटा नाही. टोयोटाच्या ब्रिटनमधील शाखेने तर २०१९ मध्ये ट्विटरवर एका चाहत्याला अशा आशयाचे उत्तर दिले की आमच्या गाड्या चालवायच्या असतील तर बेकायदा शर्यतींना उत्तेजन न देणाऱ्या 'ग्रॅन तुरिस्मो स्पोर्ट'मध्ये चालवा. ते उत्तर पुढे काढून टाकण्यात आले. 'फोर्झा होरायझन ४' मध्येही सुरुवातीला टोयोटाच्या नेहमीच्या गाड्या नव्हत्या आणि सुप्रा २०१९ मध्ये परतली. सुप्रा तीच, खेळाडूही बरेचसे तेच. बदलले ते कंपनीचे धोरण.

त्रिमितीकार

मी काही वर्षे पुण्यातील एका स्टुडिओत परदेशी गेमसाठी गाड्यांची मॉडेले बनवण्याचे काम केले आहे. गोपनीयतेच्या करारामुळे गेमचे नाव सांगता येणार नाही, पण कामाची रीत सांगतो, कारण धागालेखकांच्या म्हणण्यात एक बाजू राहून गेली आहे असे मला वाटते.

परवाना मिळाला की कारखान्याकडून गाडीच्या मूळ आराखड्याची फाइल येऊ शकते. ती आली म्हणजे काम झाले असे बाहेरच्यांना वाटते, परंतु त्या फाइलमध्ये आतल्या ब्रॅकेटपासून नटबोल्टपर्यंत सारे काही असते आणि ती गेममध्ये जशीच्या तशी घातली तर यंत्र मान टाकेल. तिच्यावरून हलके मॉडेल नव्याने ओढावे लागते. जुन्या गाडीची फाइलच नसते. तिथे कोणाच्या तरी मालकीची गाडी गाठून शेकडो छायाचित्रे काढायची किंवा ती स्कॅन करायची. त्यानंतर मंजुरीच्या फेऱ्या सुरू होतात. एकदा आमचे एक मॉडेल परत आले, कारण गाडी उजव्या स्टिअरिंगची होती आणि वायपर आम्ही डाव्या स्टिअरिंगच्या छायाचित्रांवरून बसवले होते. दुसऱ्यांदा बॉनेट आणि फेंडर यांच्यामधली फट एका बाजूला किंचित रुंद दिसते असा शेरा आला. खऱ्या गाडीत ती फट त्याहून रुंद असते, हे आम्ही कळवले नाही.

सांगायचा मुद्दा हा की परवानगी ही पहिली पायरी आहे. त्यापुढे एका गाडीवर एका माणसाचे कित्येक महिने खर्च होतात. म्हणून यादी ठरताना 'आधीच तयार काय आहे' हा प्रश्न करारापेक्षाही जड ठरू शकतो. 'ग्रॅन तुरिस्मो ५' मध्ये हजाराच्या वर गाड्या होत्या, पण त्यांपैकी सुमारे दोनशेच आतून-बाहेरून नव्याने बनवलेल्या होत्या. बाकीच्या आधीच्या भागांसाठी केलेल्या, किंचित घासूनपुसून आणलेल्या होत्या. चौथ्या भागात निस्सान स्कायलाइनचे इतके उपप्रकार होते की यादी सरकवता सरकवता अंगठा दुखे. एक सांगाडा तयार असला की स्पॉइलर, बंपर आणि चाके बदलून पुढच्या पाच गाड्या तुलनेने स्वस्तात निघतात, आणि कंपनीशी संबंध जुळलेले असले की त्यांची परवानगीही लवकर मिळते. यात आवडनिवडही आहे हे विसरू नये. त्या मालिकेचे जनक काझुनोरी यामाउची स्वतः गाड्यांचे वेडे आहेत, आणि कोणत्याही वकिलाने त्यांना इतक्या स्कायलाइन घ्यायला लावल्या नसत्या.

घाटवळण

त्रिमितीकार, वायपरचा किस्सा वाचून धागा काढल्याचे सार्थक झाले. 'आधीच तयार काय आहे' हा मुद्दा मान्य, परंतु त्याची उलट बाजूही आहे. 'नीड फॉर स्पीड : हॉट परसूट' हा २०१० चा गेम २०२० मध्ये झाडूनपुसून पुन्हा प्रकाशित झाला, तेव्हा मर्सिडीजची एसएल६५ एएमजी ब्लॅक सीरीज आणि एसएलआर स्टर्लिंग मॉस या दोन गाड्या त्यात नव्हत्या. दोन्हींची मॉडेले दहा वर्षे तयार होती. गाडी तयार असून गाळली जाते, याचा अर्थ शेवटचा शब्द कागदाचाच ना?

त्रिमितीकार

शेवटचा शब्द कागदाचा, हे कबूल. पहिला शब्द मात्र बहुधा पैशाचा असतो.

अनुज्ञा

मी बौद्धिक संपदेच्या क्षेत्रात वकिली करते, तेव्हा माझ्या नावावरून कोटी करण्याची संधी मीच आधी घेते. इथे अद्याप कोणी न विचारलेला प्रश्न असा की मुळात परवाना घ्यावाच लागतो का? त्याचे उत्तर वाटते तितके सरळ नाही.

कंपनीचे नाव आणि चिन्ह ट्रेडमार्क कायद्याखाली येतात, तर गाडीचा घाट डिझाइन कायद्याखाली. डिझाइनचे संरक्षण मुदतीचे असते. भारतात २००० च्या कायद्याने ते दहा वर्षे आणि वाढवून आणखी पाच वर्षे मिळते. ट्रेडमार्क मात्र नूतनीकरण करत राहिल्यास संपत नाही. तरीही ट्रेडमार्क म्हणजे त्या चिन्हाच्या प्रत्येक चित्रणावरची मालकी नव्हे. ऑटेक या जर्मन खेळणीवाल्या कंपनीने ओपेल अ‍ॅस्ट्राची रिमोटवर चालणारी प्रतिकृती ओपेलच्या चिन्हासह विकली, त्यावर ओपेलने दावा लावला. प्रकरण २००७ मध्ये युरोपीय न्यायालयापर्यंत जाऊन परत आले आणि २०१० मध्ये जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने खेळणीवाल्याच्या बाजूने कौल दिला. खेळण्यावरील चिन्ह पाहून लोक ते मूळ गाडीचे हुबेहूब चित्रण समजतात, खेळणे ओपेलने बनवले असे समजत नाहीत, असे त्यामागील सूत्र होते. अमेरिकेत हम्वी ही लष्करी गाडी बनवणाऱ्या एएम जनरलने 'कॉल ऑफ ड्यूटी'च्या प्रकाशकावर खटला भरला, तोही मार्च २०२० मध्ये न्यायालयाने अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या आधारे प्रकाशकाच्या बाजूने निकाली काढला.

मग रेसिंग गेमवाले निमूटपणे करार का करतात? माझ्या मते कारणे तीन-चार आहेत आणि त्यांपैकी कायदा हे सर्वांत मोठे नाही. युद्धाच्या गेममध्ये हम्वी हा देखाव्याचा भाग आहे. रेसिंग गेममध्ये गाडी हाच माल आहे, वेष्टनावर तीच असते आणि जाहिरात तिच्या नावाने होते, त्यामुळे 'कंपनीची संमती असेल' असा ग्राहकाचा समज होण्याची शक्यता कितीतरी अधिक. त्यातच २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जॅक डॅनियल्स या व्हिस्की कंपनीच्या खटल्यात अशा बचावाची कक्षा आखूड केली आहे. गेम विकला जातो साऱ्या जगात, आणि प्रत्येक देशातील न्यायाधीश जर्मनीतल्यासारखाच विचार करील याची हमी कोण देणार? शिवाय त्रिमितीकार म्हणतात ती आराखड्याची फाइल आणि इंजिनाचा आवाज ध्वनिमुद्रित करण्यासाठी लागणारी गाडी भांडून मिळत नाही. खटला जिंकूनही पुढच्या भागासाठी त्याच कंपनीच्या दारात उभे राहायचे असते.

रात्रपाळी

या सगळ्यावर एक जुना उपाय आहे, तो म्हणजे गाडीच काल्पनिक करणे. 'बर्नआउट'ने आदळण्याचाच खेळ केला, आणि त्यात पत्रा कागदासारखा चुरगळतो, कारण 'हंटर कॅव्हलरी' नावाच्या गाडीची अब्रू राखायला जगात कोणी बसलेले नाही. 'बीमएनजी'मध्ये गॅव्ह्रिल, इबिशू, ईटीके अशी बनावट घराणी आहेत. त्यांतली इबिशू जपानी वाटते आणि ईटीके जर्मन, पण नेमकी कोणती ते बोट ठेवून सांगता येत नाही. तिथे खांबाला धडक दिली की सांगाडा वाकतो, रेडिएटर फुटतो, दार निखळून रस्त्यावर पडते. अपघाताचे इतके सविस्तर चित्रण सर्व खऱ्या चिन्हांसह करायला किती कंपन्या तयार होतील, याचा अंदाज चाकणकरांच्या खोक्यावरून करावा.

घाटवळण यांचा तिसरा मुद्दा, गेमच्या आयुष्याचा, मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि त्यावर इथे कोणी फारसे बोललेले नाही. 'फोर्झा होरायझन ३' हा सप्टेंबर २०१६ चा गेम २७ सप्टेंबर २०२० ला विक्रीतून उतरला. 'फोर्झा मोटरस्पोर्ट ७' सप्टेंबर २०२१ मध्ये गेला, 'होरायझन ४' १५ डिसेंबर २०२४ ला. 'प्रोजेक्ट कार्स'चे पहिले दोन्ही भाग २०२२ मध्ये उतरवले गेले. ज्यांनी आधी विकत घेतले होते त्यांच्याकडे ते राहिले. नव्या माणसाला दुकानातून घेता येत नाहीत. 'द क्रू'चे त्याहून वाईट झाले. ३१ मार्च २०२४ ला त्याचे सर्व्हर बंद केले गेले आणि पैसे मोजून घेतलेला गेम खेळताच येईना. प्रकाशकाने दिलेल्या कारणांत सर्व्हरच्या व्यवस्थेबरोबर परवान्यांच्या अडचणींचाही उल्लेख होता. याच्या उलट २००८ चा 'बर्नआउट पॅराडाइज' २०१८ मध्ये नव्या रूपात आला, आणि त्यातील एकाही गाडीसाठी कोणाला विचारावे लागले नाही.

सेगाच्या 'आउटरन'ची गंमत तर मुद्दाम सांगण्याजोगी आहे. १९८६ चा मूळ गेम फेरारीच्या परवानगीविना निघाला. गाडी लाल, बिनछपराची आणि स्पष्टपणे टेस्टारोसासारखी. २००३ चा 'आउटरन २' रीतसर फेरारीच्या परवान्याने निघाला. त्यावरून केलेला २००९ चा 'आउटरन ऑनलाइन आर्केड' मात्र परवाना संपल्यावर दोनेक वर्षांत दुकानांतून नाहीसा झाला. रीतसर वागणारा आधी गेला.

चाकणकर

रात्रपाळी, मुद्दा बिनतोड आहे, परंतु कंपन्यांना केवळ खलनायक करू नये. निस्सानने २००७ मध्ये जीटी-आर आणली तेव्हा तिच्या डॅशबोर्डवरील माहितीपटलाची रचना 'ग्रॅन तुरिस्मो' बनवणाऱ्या पॉलिफनी डिजिटलकडून करून घेतली होती. २०१३ पासून तर मर्सिडीजसह अनेक कंपन्यांनी त्या गेमसाठी स्वतंत्र संकल्पनागाड्या रेखाटल्या. ज्या पोराने गेममध्ये एखादी गाडी वीस तास चालवली, तो तिशीत शोरूममध्ये कोणाचे नाव घेईल, हे त्यांना चांगले कळते.

कोकणकडा

या चर्चेत भारतीय गाड्यांचा विषय कसा निघाला नाही? एकगठ्ठा परवान्याचे एक उदाहरण आपल्याकडचे आहे. कोडमास्टर्सच्या फॉर्म्युला वन गेममध्ये फोर्स इंडिया हा संघ वर्षानुवर्षे होता. २०१० च्या भागात करुण चंधोक चालक म्हणून होता आणि २०११ पासून तीन भागांत ग्रेटर नोएडाचा बुद्ध सर्किट होता. यांतले काहीही कोणी निवडून घेतले नव्हते. परवाना संपूर्ण मालिकेचा असतो, त्यामुळे त्या वर्षी ग्रिडवर जे असेल ते सगळे एकगठ्ठा येते. भारतीय ग्रां प्रीच २०१३ नंतर थांबली तेव्हा पुढच्या भागातून सर्किटही गेले. सुट्या गाड्यांच्या गेममध्ये मात्र टाटांची मालकी पाहायची तर जॅग्वार आणि लँड रोव्हरच्या कप्प्यात पाहावी लागते, आणि मारुतीचे सुख सुझुकीच्या जिम्नीवर भागवावे लागते.

अवांतर : माझा भाचा मोबाइलवर बसच्या एका इंडोनेशियन गेममध्ये कोणीतरी बनवलेली लालपरी घालून घाट उतरवतो. तिचा परवाना कोणी घेतला असेल, हे अनुज्ञाताईंना विचारायचे धाडस होत नाही.

अनुज्ञा

विचारले नाहीत तेच बरे. फुकट वाटल्या जाणाऱ्या, हौसेने बनवलेल्या मॉडकडे हक्कदार बहुधा काणाडोळा करतात. त्याला परवानगी म्हणत नाहीत. भाच्याला घाट उतरू द्यावा.

घाटवळण

सर्वांचे मनापासून आभार. एवढ्या चर्चेनंतर काल रात्री बऱ्याच महिन्यांनी 'असेटो कोर्सा' उघडला. त्यात रूफची पिवळी सीटीआर आहे आणि २०१६ पासूनच्या पुरवण्यांमुळे पोर्शेही आहेत, म्हणजे २००५ साली जी यादी आम्हाला हवी होती ती आता समोर आहे. पोर्शेच्या नावावर दोन मिनिटे थांबलो, मग खाली येऊन रूफच घेतली. पहिल्याच वळणावर तिची मागची बाजू सुटली आणि मी कठड्याला जाऊन टेकलो. बंपरला ओरखडा आला, दिवे शाबूत होते.

त्रिमितीकार, तिचे वायपर मी तपासले नाहीत. तुम्हीच एकदा पाहून सांगावे.